म्हातारपण वसुलीला येत नाही

टाळ्या पुरेत. शाल झाली, श्रीफळ झालं, 'सरांनी आम्हाला घडवलं' हेही चौघांनी माइकवर सांगून झालं. घडवलं असतं तर मघाशी पंगतीत जे ऐकलं ते ऐकायची पाळी आली नसती. चाळिशी-पन्नाशीची माणसं तुम्ही. एकाला मुलीच्या लग्नाचं कार्यालय, केटरर, मेंदीवाली सगळं तोंडपाठ. दुसऱ्याला गाडीच्या हप्त्याची तारीख पाठ. मी एवढंच विचारलं, की साठीनंतर घर कशावर चालणार? तुम्ही हसलात. एक जण म्हणाला, "बघू सर, तेव्हाचं तेव्हा." गणिताच्या पेपरात हे उत्तर लिहिलं असतंस तर मी भोपळा दिला असता. आजही तोच देतो.

आधी एक सांगून ठेवतो. ज्याचं पोट हातावर आहे, ज्याचा आठवडा किराणावाल्याच्या उधारीवर निघतो, त्याला हे बोलणं नाही. त्याला 'बचत कर' सांगणं हा उद्धटपणा झाला. त्याच्या म्हातारपणाची जबाबदारी सरकारची आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्या साठीच्या माणसाला वृद्धापकाळ पेन्शन म्हणून केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये मिळतो. त्यावर मी सरकारशी भांडेन. आज माझं भांडण तुमच्याशी आहे. तुमच्या घरात दर महिन्याला पगार येतो, दुकानाचा गल्ला भरतो, दारात गाडी उभी आहे, आणि तरीही म्हातारपणाच्या नावाने खात्यात खडखडाट आहे.

तुम्ही उधळे आहात असं मी म्हणत नाही. उलट बारीक नजरेनं पाहिलं तर तुमच्याइतके नेमाने पैसे भरणारे लोक शोधून सापडणार नाहीत. घराचा हप्ता चुकत नाही, कारण चुकला की बँकेचा फोन येतो. मुलाची फी थकत नाही, कारण शाळेचा मेसेज येतो. भिशीचे पैसे पहिल्या आठवड्यात पोचतात, कारण नाही पोचले तर बिल्डिंगमधल्या दहा जणी विचारतात. लग्नात मानपानाला कमी पडलं तर व्याही तोंड फिरवतात, म्हणून तिथेही हात आखडत नाही. तुमच्या प्रत्येक खर्चामागे कोणीतरी तगादा लावणारा उभा आहे. म्हातारपणामागे कोणी नाही. पंचाहत्तरीचा तू आज येऊन तुझ्या दाराची बेल वाजवत नाहीस. तो बिचारा गप्प, म्हणून दर महिन्याला त्याचाच हप्ता बुडतो. तुमचं दुखणं पैशाच्या तुटवड्याचं नाहीच. जो तगादा लावतो त्याला द्यायचं आणि जो लावत नाही त्याला बुडवायचं, ही तुमची रीत आहे.

आता सबबी. एकेक करून उभे राहा.

"पीएफ आहे की, सर." बरं. पगाराची स्लिप मोबाइलमध्ये असेल, काढ. हातात येणारा आकडा वाचू नकोस, तो तुला झोपेतही येतो. कपातीचा रकाना वाच. पगार साठ हजार, पीएफ १,८००. साठ हजारांचे बारा टक्के किती रे? ७,२००. मग हे १,८०० कुठून आले? आजवर एकदाही विचारलं नाहीस ना? बारा टक्के निघतात ते मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर, आणि कायद्याची मर्यादा २०१४ पासून १५,००० वर बसली आहे. तेवढ्यावर कपात केली की कंपनी नियमाने मोकळी. म्हणजे पगाराच्या जेमतेम तीन टक्के रक्कम तुझ्या म्हातारपणासाठी बाजूला पडते. कंपनीही १,८०० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेकडे वळतात आणि तुझ्या पीएफ खात्यात येतात ५५०. दोन्ही मिळून २,३५०.

ये फळ्यावर. महिना २,३५०, मुदत तीस वर्षं, व्याज आठ टक्के धर. किती झाले? पस्तीस लाख. डोळे चमकले! थांब, गणित संपलेलं नाही. महागाई वर्षाला सहा टक्के धर आणि सांग, तीस वर्षांनंतरच्या पस्तीस लाखांत आजच्या किती रुपयांचा माल येईल? सहा लाखांचा. तुझे दहा पगार. पगार पुढे वाढेल, पण मर्यादा हलली नाही तर कपात १,८०० वरच राहील. साठीला पोचलेला माणूस आपल्याकडे सरासरीने आणखी अठरा वर्षं जगतो. त्या दहा पगारांवर तू आणि तुझी बायको अठरा वर्षं जेवणार, औषधं घेणार आणि नातवाच्या वाढदिवसाला कपडे घेणार?

पेन्शनचं म्हणशील तर तेही सूत्र सोपं आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. १५,००० आणि तीस वर्षं घाल. साडेसहा-सात हजारांच्या घरात उत्तर येतं. त्यावर महागाई भत्ता नाही, म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी जेवढे तेवढेच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. तू गेल्यावर बायकोला त्यातले निम्मे. किमान पेन्शन २०१४ साली एक हजार ठरली, तिथेच ती आहे.

आणि हा हिशेबसुद्धा खात्याला हात न लावणाऱ्याचा. तुम्ही तो लावलेला आहे. नोकरी बदलली की फॉर्म १९ भरून पीएफ मोकळा केला. बहिणीच्या लग्नाला फॉर्म ३१, फ्लॅटच्या डाउन पेमेंटला पुन्हा फॉर्म ३१. माझी सूत्रं विसरलात, फॉर्मचे नंबर मात्र एकही चुकत नाही! काही शहाण्यांनी दर दोन-तीन वर्षांनी फॉर्म १०सी भरून पेन्शनचे पैसेही उचलले. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. पैसे उचलले की मागची वर्षं पुसली गेली, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे तुम्हाला कंपनीने सांगितलं नाही, खरं आहे. पण नव्या मोबाइलचे फीचर्स न सांगता शोधून काढता, तिथे बरा उत्साह असतो.

"मुलगा आहे की." ही सबब सगळ्यांत लाडकी. म्हणणाऱ्याने जरा मुलाच्या जागी उभं राहून बघावं. तू पासष्टचा होशील तेव्हा तो पस्तिशीत असेल. पुण्यात वाकड-हिंजवडीकडे टू बीएचके घेतलेला, वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर, बायकोची नोकरी, पोराची नर्सरीची फी. त्याच महिन्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघेल. तो नालायक निघेल असं मी म्हणत नाही. तो चांगला निघेल, जीव तोडून करील, आणि त्यापायी त्याच्याही म्हातारपणाची बचत होणार नाही. तू आपलं ओझं उतरवणार नाहीस, फक्त पुढच्या पिढीच्या खांद्यावर ठेवशील.

चांगलं वागणं गृहीत धरता येत नाही, हे देशालाही कळलं आहे. म्हणून २००७ साली आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला. पोटच्या पोराविरुद्ध न्यायाधिकरणात प्रांताधिकाऱ्यांसमोर अर्ज करायचा, आणि त्या कायद्यात निर्वाहाची कमाल रक्कम महिन्याला दहा हजार ठेवलेली. त्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाने एकेकाळी हेच म्हटलेलं असतं, की मुलगा आहे. त्यातल्या कित्येकांनी राहतं घर आधीच बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केलेलं असतं. घर तारण ठेवून म्हाताऱ्यांना दरमहा पैसे देण्याची योजना बँकांकडे आहे. पण घरच आपल्या नावावर उरलं नाही तर तारण काय ठेवणार?

आणि मुलासाठी तुम्ही काय करता तेही बघू. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटसाठी पीएफ मोडता, मुदत ठेव मोडता. अरे, शिक्षणाला कर्ज मिळतं. ते फेडायला त्याच्यापुढे तीस वर्षांची कमाई असते. तुझ्यापुढे किती वर्षं आहेत? मुलीच्या लग्नात हळदीला डीजे, संगीताला वेगळा हॉल, ड्रोनवरून चित्रीकरण, आणि वर म्हणायचं की एकदाच होतं. म्हातारपणही एकदाच येतं, आणि ते दोन दिवसांत उरकत नाही. पन्नाशीला लग्नातले पाच लाख वाचवून आठ टक्क्यांनी ठेवले असते तर साठीला पावणेअकरा लाख झाले असते. त्या रात्रीच्या बुफेत कुठली भाजी होती हे आज एका तरी पाहुण्याला आठवतंय का, विचार.

"घर आहे, सोनं आहे, गावाला जमीन आहे." हे म्हणणारे तुम्ही एकटे नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या घरगुती वित्त समितीचा अहवाल २०१७ साली आला. भारतातल्या सरासरी कुटुंबाची ८४ टक्के संपत्ती घर-जमीन आणि इतर वस्तूंमध्ये, ११ टक्के सोन्यात आणि बँक, पेन्शन, शेअर, विमा हे सगळं मिळून उरलेले ५ टक्के. आता ही श्रीमंती साठीनंतर कशी वापरायची ते सांगा. महिन्याच्या किराणासाठी घराची बाल्कनी तोडून विकता येत नाही. गुंतवणूक म्हणून नेरळ-बदलापूरकडे घेतलेल्या दुसऱ्या फ्लॅटचं भाडं मेंटेनन्स, घरपट्टी आणि मधले रिकामे महिने वजा करून मोजा, मग बोला. गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सहा नावं. त्यातला एक काका अमेरिकेत, दुसऱ्याशी दहा वर्षं बोलणं नाही, आणि वाटणीचा दावा कोर्टात. ती जमीन तुमची आहे, एवढं समाधान मिळतं, पैसे मिळत नाहीत. सोनं निदान मोडता येतं, पण तुम्ही घेता दागिने. घेताना घडणावळ भरता, विकताना ती जाते. आणि बायकोच्या पाटल्या मोडायला सराफाकडे जाणारा नवरा मला दाखवा, त्याच्याही गळ्याशी आलेलं असतं तेव्हाच तो जातो.

"पॉलिसी आहे." मेहुणा एजंट होता म्हणून घेतली, हे पुढचं वाक्यही मला माहीत आहे. विमा म्हणून बघावं तर संरक्षण तोकडं, गुंतवणूक म्हणून बघावं तर परतावा बहुधा पाच-सहा टक्के. महागाईशी बरोबरी करतानाच तिला धाप लागते. त्यातही तिसऱ्या वर्षी कंटाळून सोडली असेल तर भरलेले पैसेही पुरते हातात येत नाहीत. आणि जास्त व्याजाच्या आशेने सगळी पुंजी पतसंस्थेत नेऊन ठेवणारे कोण आहेत? बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. एका टक्क्यासाठी मुद्दलाशी जुगार खेळायचा नसतो, तोही साठीत.

"आत्ता भागत नाही सर, मुलांचं झालं की सुरू करू." ही सबब ऐकली की मला खरंच छडीची आठवण येते. आठवीत चक्रवाढ व्याज कशाला शिकवलं होतं? मार्कांसाठी? सूत्रात मुद्दल होतं, दर होता आणि वर घातांकात बसलेला एन होता. मुद्दल तुम्ही वाढवू शकता. दर बाजाराच्या हातात. पण एन, म्हणजे वर्षं, एकदा गेली की कितीही पगार वाढला तरी विकत मिळत नाहीत. पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत महिना २,००० भरले आणि आठ टक्के मिळाले तर सुमारे ४६ लाख होतात. आठ टक्के हा धरलेला दर आहे, हमी नव्हे. तेवढेच ४६ लाख हवे असतील आणि चाळिशीत सुरुवात केली तर महिन्याला ७,८०० लागतात. पंचेचाळिशीत केली तर १३,००० च्या वर. मुलांचं झाल्यावर, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी किती लागतील, हे घरी जाऊन सोडवा. उत्तर बघून पाणी प्या.

माझ्या फळ्यावर विश्वास नसेल तर सरकारचाच तक्ता बघा. अटल पेन्शन योजनेत साठीनंतर महिना पाच हजार मिळवायला अठराव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने महिन्याला २१० रुपये भरायचे. चाळिसाव्या वर्षी येणाऱ्याने तेवढ्याच पाच हजारांसाठी १,४५४. जवळपास सातपट. उशिराचा दंड याहून स्वच्छ कोणी लिहून दिलेला नाही. आणि तुमच्यातल्या बहुतेकांना ते दार आता बंद आहे. चाळिशीनंतर प्रवेश नाही, आणि ऑक्टोबर २०२२ पासून प्राप्तिकर भरणाऱ्यांनाही नाही. तुमच्या घरी वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, दुकानात कामाला मुलगा आहे, स्वयंपाकाच्या बाई आहेत. त्यांना तरी वेळेवर सांगा.

आता शेवटच्या बाकावरून कुजबुज ऐकू आली: "सरांना काय, पेन्शन आहे." हो, आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी अनुदानित शाळेत लागलेल्या मास्तरांना आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. आणि ती मी शहाणा होतो म्हणून मिळत नाही. ती सरकार देतं, आणि शिवाय माझ्या हातात पगार पडायच्या आधीच भविष्य निर्वाह निधीची रक्कमही कापली जायची. मला कोणी विचारलंच नाही, म्हणून ती वाचली. विचारलं असतं तर मीही बहिणीचं लग्न, भावाचं शिक्षण हेच पुढे केलं असतं. या जुन्या पेन्शनचं मोल ज्यांना कळलं ते राज्य कर्मचारी मार्च २०२३ मध्ये तिच्यासाठी संपावर गेले. तुमच्या खासगी नोकरीत आणि दुकानात ती नाही, कधी नव्हती. म्हणजे जी कपात माझ्यासाठी दुसऱ्याने केली, ती तुम्हाला स्वतःवर करावी लागणार. माझ्या पेन्शनकडे बोट दाखवून तुमची पेन्शन सुरू होत नाही.

मुलींनो, तुम्ही हसू नका, तुमचाही पेपर कच्चाच आहे. घरातला हिशेब तुम्ही ठेवता, भिशी तुम्ही चालवता, पण स्वतःच्या नावावर काय आहे? बायको बहुधा नवऱ्याहून लहान असते आणि बाई जास्त जगते. म्हणजे घरातलं शेवटचं म्हातारपण, तेही एकटीचं, बहुतेक वेळा तुमच्या वाट्याला येणार आहे. सात हजारांची निम्मी पेन्शन साडेतीन हजार. तेवढ्यात गॅस, वीज आणि रक्तदाबाच्या गोळ्या बसवून दाखवा. नवऱ्याच्या पीएफला नॉमिनी कोण आहे, हे तुमच्यातल्या किती जणींना माहीत आहे? लग्नाआधी त्याने आईचं नाव घातलं असेल, तर लग्न झाल्याबरोबर ते नियमाप्रमाणे बाद झालं. नवं कोणी भरलं? 'ते बघतात सगळं' हे उत्तर मला चालणार नाही.

आता गृहपाठ. लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर टाका म्हणू नका.

आज रात्री झोपण्याआधी पीएफचं पासबुक उघडायचं. जुन्या नोकऱ्यांची खाती विखुरलेली असतील तर ती एका यूएएनखाली, म्हणजे पीएफच्या एकाच कायम क्रमांकाखाली, आणायची. काढायची नाहीत. नॉमिनी तपासायचा.

घराचा आजचा महिन्याचा खर्च खरा खरा मांडायचा. पंचेचाळिशीत तो चाळीस हजार असेल, तर सहा टक्के महागाईने साठीला शहाण्णव हजार होतो. हा आकडा कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचा.

पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हातारपणाचा हप्ता आपोआप कापला जाईल अशी सूचना बँकेला द्यायची. महिनाअखेर उरेल ते टाकू, हे चालणार नाही. महिनाअखेर तुमच्याकडे काही उरत नाही, हे आपण आज सगळ्यांसमोर सिद्ध केलं. नोकरदारांनी ऑफिसात सांगून व्हीपीएफ, म्हणजे स्वेच्छेने केलेली पीएफची जादा कपात, वाढवायचा. दुकानदारांनी, रिक्षा-टेम्पोवाल्यांनी एनपीएस म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं किंवा पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचं खातं उघडायचं. बाजाराचा चढउतार सोसणाऱ्यांनी त्यातला काही भाग इंडेक्स फंडात घालायचा. एनपीएस-पीपीएफमधले पैसे सहज मोडता येत नाहीत, अशी कुरकूर करू नका. ते मोडता येऊ नयेत म्हणूनच तर तिथे ठेवायचे. आजवर जे सहज मोडता आलं ते तुम्ही मोडलंत.

दर पगारवाढीतला निम्मा हिस्सा या हप्त्यात घालायचा, गाडीचं मॉडेल बदलण्याआधी. कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो, म्हणून स्वतःचा वेगळा विमा आत्ताच, आजार मागे लागण्याआधी घ्यायचा.

आणि शेवटचं, सगळ्यांत अवघड. मुलांना समोर बसवून आकडा सांगायचा: शिक्षणाला आम्ही एवढे देऊ, लग्नाला एवढे, त्यापुढचं तुमचं. हे सांगताना लाज वाटेल. पुढे त्यांच्यासमोर हात पसरताना वाटेल ती याहून मोठी असते.

उद्या रविवार, परवा बँका उघडतात. पहिला हप्ता किती रुपयांचा लावू, हे विचारायला फोन केलात तर रात्री अकरालाही उचलीन. कधीपासून लावू, हे विचारायला केलात तर न बोलता ठेवून देईन.